धंदा विकायचाय? आधी घराचा हिशोब मांडा

आमचा काजूचा कारखाना वेंगुर्ल्याजवळ होता, अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी उभा केलेला, आणि तो विकला तेव्हा पहिल्या बोलणीपासून शेवटच्या सहीपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसलेलो. नंतर ओळखीतल्या अजून तिघांच्या विक्रीत कागद बघायला गेलो, एक रत्नागिरीला मिरजोळे एमआयडीसीतला मासळीवाला, एक तारकर्लीचा रिसॉर्टवाला, एक कुडाळचा. चारही ठिकाणी मला एकच दिसलं. किंमत किती मिळणार यावर सहा-सहा महिने घासाघीस, आणि पैसे आल्यावर घर कसं चालणार यावर अर्धा तास पण कोणी बसलेलं नाही.

म्हणून हे लिहितोय. धंद्याची किंमत कशी काढायची यावर सांगणारे खूप आहेत, मी मालकाच्या घराबद्दल बोलणार आहे, म्हणजे त्याचा टॅक्स, त्याची जमीन, त्याने दिलेली गॅरंटी, मुलंबाळं आणि नंतरची पंचवीस-तीस वर्षं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा, २०२५ लागू आहे आणि त्यात कलमांचे नंबर बदललेत, पण सीए लोक अजून जुन्याच नंबरांनी बोलतात म्हणून मी पण तेच वापरतो. तुमचा सीए नवा नंबर जोडून देईल.

गिऱ्हाईक यायच्या आधी दोन-तीन वर्षं

ही तयारी गिऱ्हाईक दारात आल्यावर होत नाही. बँकेत आणि टॅक्समध्ये तीन वर्षांचे स्वच्छ हिशोब बघतात, सातबाऱ्यावरची नावं कमी करायला वर्षं जातात, मुलांना शेअर द्यायचे तर ते सौदा ठरायच्या आधी द्यावे लागतात. आणि माणसाचं मन पण तयार व्हायला वेळ लागतो, अण्णांना तर "विकायचं" हा शब्द तोंडातून काढायलाच वर्ष गेलं.

सुरुवात घरखर्चापासून

हे सगळ्यात सोपं वाटतं म्हणून सगळे सोडून देतात. आम्ही पडवीत बसलो, आईने तिची वही आणली. तिच्या हिशोबाने महिन्याला चाळीस हजार लागत होते, दूध, मासळी, किराणा, गॅस, औषधं. मग मी कंपनीचं लेजर उघडलं आणि घराचं म्हणून जे जे कंपनी भरत होती ते वेगळं लिहायला लागलो. गाडीचा हप्ता आणि डिझेल बावीस हजार, ड्रायव्हर चौदा, सगळ्यांचे मोबाईल आणि नेट तीन, घरातली लाईट कारखान्याच्या मीटरवरून गेलेली ती अंदाजे चार, मेडिक्लेम आणि विमा महिन्यावर पाडला तर नऊ, गणपती-शिमगा-लग्नकार्यं मिळून सहा, मुंबईच्या फेऱ्या पाच. हे झाले त्रेसष्ट हजार. म्हणजे घर चालत होतं एक लाख तीन हजारावर आणि आईला माहीत होते चाळीस. ती म्हणाली, "ह्यो खर्च माका म्हायतच नव्हतो." अण्णा काही बोलले नाहीत, वही पुढे ओढून त्यांनी ते आकडे परत एकदा बेरीज करून बघितले.

तुम्ही पण हेच करा, मागच्या बारा महिन्यांचं लेजर घेऊन. एक महिना घेऊ नका कारण आपल्याकडे खर्च सणांना आणि मे महिन्यात उसळतो. विकल्यावर यातलं काय बंद होईल (ड्रायव्हर कदाचित), काय वाढेल (औषधपाणी नक्की), हे बाजूला लिहा. ग्रुप मेडिक्लेम कंपनीबरोबर जातो, म्हणून स्वतःची हेल्थ पॉलिसी विक्रीच्या दोन-तीन वर्षं आधीच घ्या, जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड तेवढ्यात संपून जातो. साठीनंतर नव्याने पॉलिसी मिळवायची म्हणजे किती टेस्ट आणि किती अटी असतात ते ज्याने केलंय त्याला विचारा.

सहा कोटी म्हणजे हातात किती

गावात आकडा फिरतो तो करारावरचा. घरात चालतो तो वेगळा. खालचं उदाहरण गोल आकड्यांचं आहे, आमचं नाही.

समजा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, शेअर सगळे तुमच्या नावावर, दोन वर्षांहून जास्त काळ धरलेले, मूळ गुंतवणूक १० लाख आणि शेअर विकले ६ कोटीला. फायदा ५ कोटी ९० लाख. २३ जुलै २०२४ पासूनच्या व्यवहाराला लिस्ट नसलेल्या शेअरवर लाँग टर्म टॅक्स १२.५ टक्के, इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे मूळ किंमत वाढवून धरणं, नाही. त्यावर सरचार्ज, जो अशा फायद्यावर १५ टक्क्यांच्या वर जात नाही, आणि वर ४ टक्के सेस. सगळं मिळून १४.९५ टक्के पडतं. म्हणजे जवळपास ८८ लाख टॅक्स.

वकील, सीए, व्हॅल्युएशन, मध्यस्थ मिळून १५ लाख धरा. गिऱ्हाईक दहा टक्के, म्हणजे ६० लाख, वर्ष-दीड वर्ष एस्क्रोमध्ये, म्हणजे दोघांच्या मधल्या खात्यात, अडकवून ठेवणार, काही जुनी देणी निघाली तर म्हणून. खात्यात आले ४ कोटी ३७ लाख. त्यातून मुलाच्या फ्लॅटचं उरलेलं कर्ज २५ लाख फेडलं आणि बहिणीला कबूल केलेले ४० लाख दिले. राहिले ३ कोटी ७२ लाख.

आता यातून तीस वर्षं घर चालवायचंय आणि महागाई पण धरायचीय. मी सुरुवातीला वर्षाला साडेतीन टक्क्यांहून जास्त काढू नका म्हणतो. तसं धरलं तर १३ लाख वर्षाला, महिन्याला एक लाख आठ हजाराच्या आसपास, आणि त्यावर पण थोडाफार टॅक्स आहेच. आमच्या घराचा खरा आकडा एक लाख तीन हजार होता. बघा किती जवळ येऊन टेकतंय! एस्क्रोचे साठ लाख सुटले तर थोडा श्वास मिळतो पण ते आधी मोजायचे नाहीत.

हा हिशोब उलटा पण करता येतो आणि तोच खरा कामाचा. घराला किती लागतं तिथून सुरू करा, त्याच्यावर देणी, टॅक्स, खर्च चढवत जा, वर जो आकडा येईल तो तुमचा कमीत कमी भाव. त्याच्या खाली गिऱ्हाईक बोलला तर उठून यायचं की अजून पाच वर्षं चालवायचं हे तुम्हाला टेबलावर बसायच्या आधीच माहीत असतं. अण्णांकडे तो आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात होता.

तुम्ही नक्की विकताय काय

"कारखाना विकला" म्हणतात पण टॅक्सच्या दृष्टीने तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिथे लाखांचा फरक पडतो.

शेअर विकले तर कंपनी जशीच्या तशी जाते, पैसे थेट तुमच्याकडे, टॅक्स वर सांगितला तसा. गिऱ्हाइकाला हे कमी आवडतं कारण जुनी लफडी पण त्याच्या गळ्यात येतात.

दुसरं म्हणजे स्लम्प सेल, अख्खा चालता धंदा एकगठ्ठा एका रकमेला, वस्तूंची वेगवेगळी किंमत न लावता. प्रोप्रायटरशिप किंवा भागीदारी असेल तर बहुतेक हाच रस्ता. कलम ५०बी. धंदा ३६ महिन्यांहून जुना असेल तर लाँग टर्म, म्हणजे वैयक्तिक मालकाला १२.५ टक्के. यात खर्चाची बाजू म्हणजे पुस्तकातली नेट वर्थ (मालमत्ता वजा देणी), मनाने वाढवलेली किंमत चालत नाही, आणि सीएचा रिपोर्ट लागतो. चालता धंदा म्हणून दिला तर जीएसटी पण लागत नाही.

तिसरं, सुटं सामान विकणं. बॉयलर वेगळा, कटिंगची मशिनं वेगळी, बोरमा (काजू सुकवायची भट्टी) वेगळा, माल वेगळा. गिऱ्हाइकाला हे आवडतं, त्याला घसारा, म्हणजे मशिन झिजल्याची टॅक्समधली वजावट, नव्याने मिळतो. पण आपल्याला महाग पडतं, कारण ज्या मशिनवर घसारा घेतलाय त्याचा फायदा किती का जुनं मशिन असेना शॉर्ट टर्म धरतात, मालाचा फायदा धंद्याचं उत्पन्न, आणि मशिनवर जीएसटी. आणि कंपनी असेल तर आधी कंपनीने टॅक्स भरायचा मग तो पैसा डिव्हिडंड म्हणून स्वतःकडे घेताना परत आपण स्लॅबने भरायचा. कुडाळच्या ओळखीच्यांनी भाव चांगला दिसला म्हणून याला होकार दिला होता, सीएने दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून दाखवले तेव्हा कमी भावाचा शेअर सौदा हातात जास्त देत होता.

नॉन-कॉम्पीटवर पण लक्ष ठेवा. "पाच वर्षं असला धंदा करणार नाही" याचे म्हणून वेगळे पैसे करारात लिहिले तर ते साधारण धंद्याचं उत्पन्न धरलं जातं, म्हणजे स्लॅबने टॅक्स. कराराचा मसुदा सीएला न दाखवता सही करू नका, वकील हा आकडा बघत नाही.

आता घर घेऊन टॅक्स वाचवायचा प्रश्न. शेअर विकून निवासी घर घेतलं किंवा बांधलं तर कलम ५४एफ मध्ये सूट आहे, खरेदी विक्रीच्या एक वर्ष आधी ते दोन वर्षं नंतर, बांधकाम तीन वर्षांत, मर्यादा १० कोटी. विक्रीच्या दिवशी नव्या घराशिवाय एकाहून जास्त घरं नावावर नसावीत, आणि इथेच कोकणातला माणूस अडकतो, कारण गावच्या वडिलोपार्जित घरात हिस्सा आहे, रत्नागिरीला फ्लॅट आहे, ठाण्यात एक घेऊन ठेवलाय. हिश्शाचं घर मोजायचं की नाही यावर वाद झालेले आहेत म्हणून आधी विचारून घ्या. रिटर्नच्या तारखेपर्यंत पैसे वापरले नसतील तर बँकेत कॅपिटल गेन्सचं खातं उघडून त्यात ठेवावे लागतात.

पण फक्त टॅक्ससाठी घर बांधू नका हो. वरच्या उदाहरणात १ कोटी २० लाखाचं घर घेतलं तर सूट प्रमाणात मिळते, म्हणजे १ कोटी १८ लाखांवर, टॅक्स वाचला १७ लाख ६४ हजार. अडकले १ कोटी २० लाख. त्या घराची घरपट्टी, रंग, पावसाळ्यातली गळती आणि बंद घराला लागणारी वाळवी वेगळी. राहायला घर हवंच असेल तर जरूर घ्या.

जमीन किंवा इमारत विकली असेल तरच ५४ईसीचे बाँड (आरईसी, पीएफसी, आयआरएफसी वगैरे) चालतात, सहा महिन्यांच्या आत, ५० लाखांपर्यंत, पाच वर्षं लॉक. शेअरच्या फायद्याला हे चालत नाही, कितीतरी जणांना वाटतं चालतं.

जमीन, सातबारा आणि मुंबईची माणसं

आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. कारखाना कंपनीचा, पण तो उभा आजोबांच्या जमिनीवर, बिगरशेती केलेली, सातबाऱ्यावर अकरा नावं. दोन काका वारलेले, त्यांच्या मुलांची वारस नोंद झालेली नाही, एक आत्या लालबागला, एक चुलतभाऊ दुबईत. कंपनीचा आणि जमीनमालकांचा साधा भाडेकरार पण नव्हता, "आपलीच तर जागा" म्हणून. गिऱ्हाइकाच्या वकिलाने पहिल्या मीटिंगमध्ये सातबारा मागितला आणि फाईल बंद केली. आठ महिने थांबावं लागलं.

तेव्हा आजच काढा, सातबारा, आठ अ, फेरफार, बिगरशेतीचा आदेश. वारस तपास तलाठ्याकडे लावा. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना जन्माने हक्क आहे, २००५ ची दुरुस्ती आणि त्यावर सुप्रीम कोर्टाचा ११ ऑगस्ट २०२० चा निकाल, म्हणजे बहिणींना, आत्यांना विचारल्याशिवाय पुढे जायचंच नाही. नुसतं "हक्कसोड घेऊन टाकू" असं धरून चालू नका. त्यांना आकडा सांगा, त्यांचा हिस्सा सांगा, समोर बसून. आम्ही गणपतीत सगळे गावी आलेले तेव्हा बसलो, दुसऱ्या दिवशी, आरती झाल्यावर. आत्याने विचारलं तिच्या वाट्याला किती येतं, अण्णांनी कागद पुढे ठेवला. तिला राग आकड्याचा नव्हता, इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही याचा होता.

शेवटी जमीन विकलीच नाही. रजिस्टर्ड भाडेपट्टा केला, भाडं सगळ्यांच्या हिश्शाने खात्यात जातं. मला हा मार्ग खूप आवडतो, जिथे गिऱ्हाईक मानेल तिथे. दर महिन्याचं भाडं म्हणजे निवृत्त माणसाला पगारच.

कारखान्याबरोबर बाग पण द्यायची असेल तर लक्षात ठेवा, महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही, कूळकायद्याचं कलम ६३. आणि जमीन कुळातून मिळालेली असेल तर कलम ४३ ची, म्हणजे विकायला परवानगी लागण्याची, अट आहे का बघा. कारखाना एमआयडीसीत असेल तर प्लॉट तुमचा नसतोच, ९५ वर्षांच्या लीजवर असतो, हस्तांतराला त्यांची परवानगी आणि फी लागते, ती कोण भरणार ते करारात यायला हवं. समुद्राजवळचं रिसॉर्ट असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, बघा. तारकर्लीवाल्यांच्या दोन खोल्या परवानगीत नव्हत्या, त्या दोन खोल्यांनी सगळा भाव खाली आणला.

हिशोब आणि हंगाम

वरकड विक्री, म्हणजे बिलाशिवाय जाणारा माल, त्याचा भाव गिऱ्हाईक देत नाही. नफ्याच्या पटीत किंमत लागते, वर्षाला दहा लाख पुस्तकाबाहेर राहिले आणि पट चारची असेल तर चाळीस लाख गेले. त्यावरचा टॅक्स वाचवून जेवढं मिळवलं त्याच्याहून कितीतरी जास्त. विक्रीच्या तीन वर्षं आधीपासून सगळं बिलात आणा. घराचे जे त्रेसष्ट हजार कंपनी भरते ते पण वेगळे दाखवता आले पाहिजेत, कारण नवीन मालकाला तो खर्च येणार नाही म्हणून नफ्यात परत मिळवून घेता येतात.

हंगामाचं मात्र नीट समजून घ्या, आपल्या धंद्यांना हे फार लागतं. काजू बी मार्च ते मे येते. जूनमध्ये गोदाम छतापर्यंत भरलेलं आणि सीसी लिमिट (माल घ्यायला बँकेने दिलेली कर्जाची मर्यादा) पण काठोकाठ, आणि जानेवारी-फेब्रुवारीत गोदामात झाडू मारता येतो. करारात "नॉर्मल वर्किंग कॅपिटल" म्हणून एक आकडा असतो, ताबा देताना त्याच्यापेक्षा माल-येणी कमी निघाली तर तेवढे पैसे किमतीतून कापतात. गिऱ्हाइकाच्या सीएने आमच्या ताळेबंदातला मोठ्या साठ्याचा आकडा घेतला होता आणि ताबा होता जानेवारीत. तसंच सही झालं असतं तर एक कोटीहून जास्त कापले असते. बारा महिन्यांची सरासरी घ्यायला लावली तेव्हा सुटलो. आंब्याचा पल्प, कोकम, मासळी, पर्यटन, सगळ्यांना हे लागू आहे.

गॅरंटी सुटल्याशिवाय ताबा नाही

ही आमची चूक, म्हणून कळकळीने सांगतो. सीसी लिमिटला अण्णांची वैयक्तिक गॅरंटी होती आणि राहतं घर तारण. गिऱ्हाइकाने कर्ज आपल्या नावाने पुढे चालू ठेवलं, बँकेने सांगितलं गॅरंटी बदलायची प्रोसेस चालू आहे, आम्ही विश्वास ठेवला आणि शेअर देऊन टाकले. चौदा महिने घराचे मूळ कागद बँकेत, आणि दुसऱ्याने चालवलेल्या धंद्याच्या कर्जाला आमचं घर उभं. रात्री अण्णा उठून बसायचे.

करारात लिहून घ्या की शेअर हातात जातील त्याच दिवशी बँकेचं गॅरंटी सोडल्याचं पत्र आणि मूळ कागद हातात येतील, नाहीतर सौदा बंद होणार नाही. कंपनीवरचा चार्ज, म्हणजे बँकेचा बोजा, उतरल्याची नोंद आरओसीत (कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयात) झाली का बघा. बायकोने, भावाने कुठे सही केलीय ते पण शोधा, जुन्या लोनच्या फायलीत असतं.

हप्त्याने पैसे घेताना एक सांभाळा. पैसे तीन वर्षांत येणार असले तरी टॅक्स साधारणपणे विक्री झाली त्याच वर्षी पूर्ण किमतीवर बसतो. म्हणून पहिल्या हप्त्यात निदान सगळा टॅक्स आणि सगळी देणी भागतील एवढं यायलाच हवं. पुढच्या नफ्यावर अवलंबून मिळणारे पैसे बोनस समजा, घराच्या हिशोबात धरू नका. ॲडव्हान्स टॅक्सच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च, सौदा ज्या तारखेनंतर झाला तिथून पुढच्या हप्त्यात भरला तरी चालतो, पण टॅक्सचे पैसे आले त्याच दिवशी वेगळ्या एफडीत टाका आणि त्याला हात लावू नका.

कामगारांचं पण आधी. पाच वर्षं झालेल्या प्रत्येकाची ग्रॅच्युइटी, वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, मोजून ठेवा आणि ती कोण देणार ते लिहून घ्या. आमच्याकडे काजू सोलायला वीस-वीस वर्षं येणाऱ्या बायका होत्या. त्यांना बाहेरून कळण्याआधी अण्णांनी स्वतः सांगितलं आणि प्रत्येकीचा आकडा नावासकट कागदावर दिला.

मुलं, बायको, मृत्युपत्र

सज्ञान मुलांना काही शेअर बक्षीस द्यायचे असतील तर सौदा ठरायच्या बरंच आधी द्या. जवळच्या नात्यातल्या बक्षिसावर टॅक्स नाही, तुमची मूळ किंमत आणि धरलेला काळ त्यांच्याकडे जातो. बायकोच्या किंवा अज्ञान मुलाच्या नावे दिले तर फायदा परत तुमच्याच उत्पन्नात धरतात. आणि दिलेलं ते दिलेलं, ते पैसे त्यांचे, हे मनाला पटत असेल तरच द्या.

मृत्युपत्र विक्रीच्या आधी एक आणि पैसे आल्यावर नवीन. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण मी म्हणेन करा, आणि वय झालं असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा. नॉमिनी लावला म्हणजे झालं असं नाही, नॉमिनी मालक होत नाही, शेअरच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये ते स्पष्ट केलंय.

पैसे आल्यानंतर

पहिले सहा महिने काहीच मोठं करू नका. गावात बातमी एका दिवसात फिरते. अण्णांचे चुलतभाऊ तिसऱ्याच दिवशी पायरीवर उभे, "काय रे, पैसे इले, आता काय करतलंस?" ते मायेने विचारत होते, पण त्यांच्या मागून पतसंस्थेचे ओळखीचे लोक आले, विमावाले आले, बँकेचा नवीन रिलेशनशिप मॅनेजर फळं घेऊन आला, रिसॉर्टमध्ये भागीदारी देणारे आले. अण्णांनी एकच उत्तर ठरवून ठेवलेलं, पैसे सहा महिने लॉक आहेत.

बँकेतल्या ठेवीला विमा एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंतच, व्याजासकट. पतसंस्थेतल्या ठेवीला तो पण नाही. ओळखीपोटी ठेवायचेच असतील तर गेले तरी झोप लागेल एवढेच. सुरुवातीला मोठी रक्कम दोन-तीन मोठ्या बँकांत आणि ट्रेझरी बिलांत (सरकारच्या थोड्या मुदतीच्या रोख्यांत) विभागून ठेवा.

मग तीन खण करा. पहिल्या खणात तीन वर्षांचा घरखर्च, एफडी आणि लिक्विड फंड. दुसऱ्यात पुढच्या सात-आठ वर्षांचा, साठीच्या पुढचे असाल तर नवरा-बायको प्रत्येकी ३० लाखांपर्यंत सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम, पोस्टाची मासिक योजना जोडखात्यात १५ लाखांपर्यंत, सरकारी रोखे. तिसऱ्यात उरलेले, इंडेक्स फंडासारखं काहीतरी साधं, पण एकदम नाही, वर्ष-दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने. ज्याने आयुष्यभर काजूच्या भावाची चढउतार सोसली त्याला शेअर बाजाराची भीती वाटते हे मी बघितलंय, कारण गोदामातली बी डोळ्याला दिसते आणि फंडाचं युनिट दिसत नाही. म्हणून तिसरा खण रात्री झोप लागेल एवढाच मोठा ठेवा.

सल्लागार घ्यायचा तर सेबीकडे इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर म्हणून नोंदलेला, फी घेणारा, कमिशन न घेणारा. नोंदणी सेबीच्या वेबसाईटवर तपासा. वर्षाची फी डोळ्यांना टोचते, कमिशन दिसत नाही म्हणून टोचत नाही, पण ते जातं आपल्यातूनच.

उसने मागणाऱ्यांसाठी एक रक्कम आधीच बाजूला काढा आणि ती परत येणार नाही असं धरा. देवळाला, शाळेला द्यायचं असेल तेही त्याच वेळी ठरवा.

आणि माणसाच्या दिवसाचं पण ठरवा. अण्णा पहिला मार्च महिना फार अस्वस्थ होते, बीचे भाव फोनवर विचारत बसायचे, कोणासाठी ते त्यांनाच माहीत नाही. आता घरामागची साठेक झाडं बघतात आणि आठवड्यातून एकदा एका नवीन कारखानदाराकडे जाऊन बसतात, फुकट.

राहिली फाईल. विक्रीचा करार, एस्क्रोची तारीख, बँकेचं गॅरंटी सुटल्याचं पत्र, टॅक्सची चलनं, ठेवींची यादी, मृत्युपत्र, सीएचा आणि वकिलाचा नंबर, सगळं एकाच ठिकाणी, आणि ती कुठे आहे हे घरातल्या दुसऱ्या माणसाला माहीत पाहिजे. आमच्याकडे ती पडवीतल्या लोखंडी कपाटात आहे, वरून दुसऱ्या खणात, आणि चावी आईकडे असते.